बियास-सतलजच्या मध्ये माझं घर

जपानमध्ये, कोतोत, तीन घरमालकांनी मला परदेशी म्हणून नकार दिला होता. बायको आणि लेक दहा दिवसांत पुण्याहून येणार होत्या, तिकिटं काढून झाली होती. चौथा मालक म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. एजंट म्हणाला, "त्यांना भारतीय भाडेकरू चालतो, पण पंजाबचा. मी हो म्हणून टाकलंय."

मास्तरांनी चहाआधीच चटईभर नकाशा पसरला. बियास आणि सतलज, मधला दोआब. तिकडे कधी पाऊल न टाकता त्यांनी उभी हयात त्या तुकड्यात घालवली होती. पावसाळ्यात टेकड्यांवरून धडाधड उतरून शेतं वाळूखाली गाडणाऱ्या ओढ्यांना तिथे 'चो' म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

"तुमचं घर कुठे?"

क्लायंटसमोर 'माहीत नाही' म्हणायचं नाही, हे आमच्या आयटीवाल्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. मी ठामपणे बोट ठेवलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "हे तर चोचं पात्र आहे. घर वाहून नाही जात?"

"दरवर्षी जातं," मी मोडक्या जपानीत म्हणालो. "आम्ही परत बांधतो."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. सिकंदर बियासवरून मागे फिरला, मला तेवढीही अक्कल नव्हती. मी आजोबांच्या तीन म्हशीसुद्धा वाहवल्या. मास्तरांचे डोळे भरून आले. किल्ली माझ्यापुढे ठेवून ते वाकले. "इतकं सोसलेल्या माणसाला मी नाही कसं म्हणू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी पुण्याचा आहे," मी सांगून टाकलं. एजंट छताकडे बघू लागला.

मास्तरांनी पट्टी लावून वहीतल्या माझ्या म्हशींवर दोन सरळ रेघा मारल्या आणि शेजारी आपला शिक्का उमटवला. जपानात चूक अशीच रीतसर दुरुस्त करतात. मग किल्लीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "पुण्यात नदी आहे?"

"दोन आहेत. मुळा आणि मुठा."

त्यांनी कोरा कागद पुढे केला. "काढा. घराजवळ कुठली?"

बत्तीस वर्षं मी तो पूल ओलांडला होता, आणि खालून कुठली नदी वाहते ते मला सांगता येईना. लाज वाटली. तिथूनच घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "थांब, आईला विचारतो."

आईने फोन हिसकावला. "नदीचं काय घेऊन बसलायस? घर मिळालं का?"

मास्तर माझ्याकडेच बघत होते. मी ते जसंच्या तसं जपानीत सांगितलं.

त्यांनी किल्लीवरचा हात काढला. "आईंना सांगा, मिळालं."