घरची चार झाडं

बाबा श्रावणात गेले. कार्तिकात शाळेची क्षेत्रभेट आली, आणि तिच्यानंतरच्या सोमवारी मला रजिस्ट्रीच्या कचेरीत जाऊन हक्कसोडीच्या कागदावर सही करायची होती. सही झाली की बाबांच्या संत्र्याच्या बगीच्यावरून माझं नाव कायमचं जाणार होतं आणि धाकट्या भावाचं एकट्याचं राहणार होतं. मी हो म्हणून बसले होते. आमच्याकडे बहिणी हो म्हणतातच. तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी भाऊ अमरावतीला माझ्या घरी आला, तेव्हा टाइप केलेला मसुदा आणि साडी त्याने एकाच पिशवीतून आणली. साडी वर होती. मला राग आला नाही, एवढं आठवतं. त्या दिवसांत मला काहीच होत नसे. पुस्तक उघडलं की तेच पान तासभर समोर राही.

मी तिसरीला शिकवते. अकरा वर्षं माझा वर्ग दिवाळीच्या सुट्टीनंतर बाबांच्या बगीच्यात जात आला. मोर्शीच्या रस्त्यावर आमचं गाव आहे. आमच्या भागात बगीचा झाडावरच विकतात. फळ हिरवं असताना व्यापारी फिरून पाहतो, सौदा होतो, आणि त्या दिवसापासून फळ त्याचं. मग मालकानेही एक संत्रं तोडायचं नाही. व्यापारी आपला राखणदार आणून बसवतो. बाबा मात्र दरवर्षी विहिरीजवळची चार झाडं सौद्यातून बाहेर ठेवत. त्यांच्या फांद्यांना लाल चिंध्या बांधत आणि व्यापाऱ्याला सांगत, "हे चार घरचे." कोणी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

त्या चार झाडांखाली माझ्या वर्गातलं प्रत्येक मूल एक संत्रं तोडायचं. कसं तोडायचं ते बाबा शिकवत. ओढायचं नाही. ओढलं की देठापाशी सालीचा टवका निघतो आणि फळ दोन दिवसांत सडतं. फळ तळहातावर घ्यायचं, थोडं फिरवायचं, मग अंगठ्याने देठ मोडायचा. एकेका मुलाचा हात धरून ते हे दाखवत, आणि त्यात सगळी सकाळ जाई. कोणी घाई केली तर विचारत, "कोन्ती बस सुटून राहिली तुही?"

या वर्षी मी जाणार नव्हते. पण मुख्याध्यापिकेचा निरोप आला की क्षेत्रभेटीचे फोटो वर पाठवायचे आहेत, तेव्हा मुलांना शेतकऱ्याच्या वेशात आणावं. बाजारात प्लास्टिकचे विळे मिळतात, असंही त्यांनी कळवलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आजोबा शेतकरी आहेत. त्यांचे बाप गाव सोडून अमरावतीत ऑटो चालवतात, दुकानात बसतात. त्या मुलांना धोतर नेसवून, पेन्सिलीने मिशा काढून वावर दाखवायला न्यायचं, याची मला किळस आली. तरी निरोप मी पालकांना तसाच पाठवला. भावाला फोन केला.

"शुक्रवारी वर्ग आणते."

"आन."

एवढंच बोलणं झालं. चार झाडांचं मी विचारलं नाही. ते विचारायचं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बसमध्ये छत्तीस मुलं होती. बाहेर तूर फुलली होती, कपाशीची बोंडं फुटली होती. खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तर आमच्या आजोबाच्या वावरासारखंच आहे." तिच्या शेजारचा, एका बाजूची मिशी घामाने पुसली गेलेला मुलगा म्हणाला, "मंग पाहाचं काय?"

बगीच्यात शिरल्यावर मी आधी विहिरीकडे पाहिलं. फांद्यांना चिंध्या नव्हत्या. झाडं फळांनी वाकली होती, फांद्यांखाली बांबूचे टेके लावले होते. मुलं धावत पुढे गेली, आणि त्या खिडकीतल्या मुलीने एका फळाला हात लावला तोच मागून आवाज आला.

"ए पोरी, हात नोको लावू."

व्यापाऱ्याचा राखणदार होता. म्हातारा, खांद्यावर माकडं हाकायची गोफण. मी त्याला सांगितलं, ही चार घरची आहेत.

"घरचे कोन्ते, मॅडम? शेठनं पूर्ण बगीचा घेतला. मले मोजून देल्ले झाडं."

"तुम्ही मालकाला विचारा."

"मालकानंच मोजून देल्ले."

मुलांना सावलीत बसवून मी फोन केला. भाऊ मोटरसायकलवर आला. गाडी बंद न करताच त्याने मुलांवरून नजर फिरवली, धोतरांवरून, विळ्यांवरून, आणि हसला. मग गाडी बंद केली.

"ताई, हा काय तमाशा आनला?"

"घरची झाडं कुठे आहेत?"

"इकली."

"चारही?"

"चार सोडून सौदा करा म्हटलं का व्यापारी तोंड वाकडं करते. बाबाचं बाबासंगं गेलं. मले नाही परवडत तसले शौक."

"मला सांगायचं होतंस. मी मुलांना काय सांगू?"

"पाहून घ्या म्हना. पाहाले काही लागत नाही."

मी आवाज चढवणारी नाही. हळू बोलते, आणि बोलण्यात समोरच्याला टोचेल असा शब्द निवडते. ही माझी जुनी खोड आहे, भावाला ती चांगली माहीत आहे. मी म्हणाले, "बाबांना जाऊन तीन महिने झाले नाहीत. त्यांची एवढी एक गोष्ट तुझ्याच्याने ठेववली नाही. त्यांचं तुला काही लागत होतं की नाही, तेच मला कळत नाही."

तो जवळ आला.

"मले इचारते लागत होतं का? तू आयतवारी येऊन पुस्तकं वाचून दाखवले बाबाले. हागनं-मुतनं कोनं धुतलं? पाच महिने धुतलं म्या. तवा तुह्या शाळेले सुट्टी नव्हती."

मुलं त्या शब्दाला खुदकन हसली. त्यांच्याकडे पाहून तो गप्प होईल असं मला वाटलं. तो झाला नाही.

"आन् आता सोमवारी सही झाली का तू पाहुनी. पाहुन्यानं पाहुन्यासारखं यावं. देल्लं थे खावं, नाही देल्लं तं उठून जावं."

त्याचं धुण्याबद्दलचं बोलणं खरं होतं. शब्दन् शब्द खरं होतं. पण पाहुनी म्हटल्यावर माझ्या आत तीन महिने जे बंद होतं ते उघडलं. ते दुःख असेल असं मी धरून चालले होते. तो राग होता. साधा, ओंगळ राग.

"सोमवार अजून व्हायचा आहे," मी म्हणाले. मग मुलांकडे वळले. "उठा. प्रत्येकाने एकेक तोडा. या चार झाडांचं."

राखणदार ओरडत पुढे आला. भावाने खिशातून मोबाइल काढला आणि चित्रण करू लागला. "तोडा, तोडा. शेठले दाखवतो कोनं तोडले." मुलं घाबरली होती. काही रडायच्या बेतात होती. मी सांगू लागले, तळहातावर घ्या, फिरवा, पण कोणी ऐकत नव्हतं, आणि माझाही आवाज बाबांसारखा निघत नव्हता. लवकर तोडा आणि बसकडे पळा, असंच तो आवाज सांगत होता. मुलांनी संत्री ओढली. साली फाटल्या. एकाने फळासकट डहाळी आणली. कोणी प्लास्टिकच्या विळ्याने देठावर वार करत होतं. तीन-चार जण एकाच फांदीला लोंबकळले, टेका सरकला आणि फांदी बुंध्यापाशी फाटली. तो आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले.

फांदी जमिनीवर होती आणि तिच्यावरची संत्री अजून तिलाच धरून होती. बाबांनी हे झाड मी कॉलेजात असताना लावलं होतं. राखणदार खाली बसला आणि फाटलेल्या जागेवर हात ठेवून राहिला. भावाने मोबाइल खिशात घातला.

"झालं समाधान?" त्याने विचारलं. या वेळी तोही हळू बोलला.

परतताना बसमध्ये कोणी गाणं म्हटलं नाही. संत्री अर्धी पिकलेली होती, पण मुलांनी ती खाल्ली, आणि बसभर सालीचा वास पसरला. तो वास मला सहन होईना. खिडकीतली मुलगी म्हणाली, "बाई, ते काका तुमचे कोण होते?" मी सांगितलं, भाऊ. ती म्हणाली, "मग बरोबर."

शनिवारी रात्री जेवणाच्या आधीच अकोल्याहून आत्याचा फोन आला. बाबांची ही थोरली बहीण. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, चित्रणासकट.

"सही करतं का नाही?" तिने थेट विचारलं.

"माहीत नाही, आत्या."

"म्या करून देल्ली होती. तुह्या बापानं साडी आनली होती, म्या सही केली. तवा थो चांगला, अन् आता हा वाईट, असं काही म्हनू नोको."

बाबांनी आत्याची सही घेतली होती हे मला ठाऊक नव्हतं, असं नाही. मी त्याचा कधी विचार केला नव्हता. ज्या झाडांवर ते इतक्या सहज लाल चिंध्या बांधत, त्यांतली दोन तरी हिशेबाने आत्याच्या वाट्याच्या जमिनीत होती.

"मग मी काय करू?"

"मले काय इचारते? पन नाही केली तं मायेर सोडाची तयारी ठेवजो. दोनी हातात नाही राहत."

सोमवारी मी शाळेत गेले. भावाचे फोन येत होते, मी घेतले नाहीत. मधल्या सुट्टीत तो फाटकाशी आला. पांढरा इस्त्रीचा सदरा घातला होता, कचेरीसाठी. मी बाहेर गेले.

"कावून नाही आली? साक्षीदार बसून हायेत तिकडं."

"मी सही करणार नाही."

"फांदी तोडली तूनं. शेठ मले बोलला, तुले नाही. अन् वरून सही करत नाही?"

"नाही."

लेकींचा हक्क वगैरे त्या वेळी माझ्या मनात होतं असं लिहायला मला आवडलं असतं. नव्हतं. मला ते रान पिकवायचं नव्हतं, विकायचं नव्हतं. त्याने मला पाहुनी म्हटलं होतं आणि मला त्याला ते म्हणू द्यायचं नव्हतं, एवढंच होतं. मी द्वेषाने सही नाकारली. ती तशीच नाकारलेली आहे.

तो बराच वेळ फाटकाची कडी वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "बरं. अर्धं तुहं हाये ना? मंग बुधवारी पानी द्याले येजो. या हप्त्यात मोटारीची लाइन दिवसा हाये. सातले."

त्याला वाटलं मी येणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. मंगळवारी संध्याकाळी मी रजेचा अर्ज लिहिला.

बुधवारी पहिल्या बसने गेले. मला पाहून त्याने मोटार सुरू केली, एक फावडं उचललं आणि माझ्या पायाशी टाकलं. दांडातून पाणी आलं की झाडाभोवतीचं आळं फोडून ते आत घ्यायचं, भरलं की मातीने तोंड बंद करून पुढच्या झाडाकडे जायचं. त्याने मला सगळ्यात लांबची ओळ दिली. दोन वेळा माझ्या हातून दांड फुटला आणि पाणी वाटेवर गेलं. दोन्ही वेळा त्याने येऊन माझ्या हातातून फावडं घेतलं, दांड बुजवला, फावडं परत टाकलं. दुपारी तो धुऱ्याच्या बांधावर माझ्याकडे पाठ करून जेवला. मी माझा डबा विहिरीच्या कडेला खाल्ला.

पाचव्या ओळीपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले होते. त्याने विचारलं नाही, आणि मी दाखवले नाहीत.