रुखवतातला कागदी डबा

लग्नात रुखवताच्या टेबलाभोवती बायका जमल्या की एक प्रश्न ठरलेला असतो: "हे कुणी केलं?" उत्तरही ठरलेलं: नवरीच्या आईनं. लेक कॉलेजात असतानाच माझी बायको गेली. त्यामुळे लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मांडवाची, पंगतीची मला काळजी नव्हती. धास्ती होती ती त्या प्रश्नाची. चारचौघींत कुणी विचारलं, तर पोरीनं काय सांगायचं?

माझ्या थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं, तोडगा तयार होता. "आरं, जुन्नरला समदं रुखवत भाड्यानं मिळतं. बैलगाडी, भातुकली, काय पायजे ते. लगीन झालं की माघारी. कशाला डोक्याला ताप?"

"आण भाड्यानं," मी म्हणालो. "पण एक वस्तू घरची व्हणार. मी करणार."

आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. "तू? तुला उशीला अभ्रा घालता येत न्हाई!"

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मी मुळातला हेकट माणूस. कुणी नाही म्हटलं की माझं हो पक्कं होतं.

मोबाइलवर एक बाई कागदाचा डबा करून दाखवत होती. कात्री नाही, डिंक नाही, नुसत्या घड्या. झाकणावर कागदाचंच चार पाकळ्यांचं फूल. दर घडीला ती "बघा, किती सोपं" म्हणायची आणि दर वेळी मला तिचा राग यायचा. जुन्नरला जाऊन कागद आणला. दुकानदार चाचांच्या घराण्यात पूर्वी हातकागद करायचे, त्यामुळे ते आजही कागद साडीसारखा उलगडून दाखवतात. मी जाड पुठ्ठ्याकडं बोट दाखवलं. "त्यो नको राव," चाचा म्हणाले, "घडीवर फुटंल." मग बाहेरून लाल आणि आतून पांढरा असा पातळ कागद घेतला.

पहिल्या डब्याच्या भिंती उभ्याच राहिनात. दुसऱ्याचं झाकण डब्याएवढंच झालं, ते बसवताना फाटलं. झाकणाचा कागद जरा मोठा घ्यायचा असतो, हे त्या सोप्पंवाल्या बाईनं सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा तिच्यावर चिडण्यात गुंतलो होतो. चारही कोपरे मध्यावर आणायचे, कडा दुमडायच्या, उलगडायचं, पुन्हा दुमडायचं. ट्रॅक्टरचे नट आवळणाऱ्या बोटांना हे हळू काम पटेना. रोज दुपारी दार लावून बसायचो. लेकीनं विचारलं की "पत्रिकांवर नावं घालतोय" म्हणायचो. कागद संपत आला, पण शेवटी घडी सरळ यायला लागली.

हळदीच्या आदल्या दिवशी डबा तयार होता आणि एकाच झाकणापुरता कागद उरला होता. त्याच दिवशी आमच्या डिंगोरे गावच्या रानात टोमॅटोचा तोडा होता. टोमॅटोच्या पाल्यानं हात हिरवे-काळे होतात, तो रंग नुसत्या साबणानं जात नाही. पण घाईत साबण लावला आणि तेवढ्यानं भागेल असं समजून मी बसलो. फूल उमललं, कोपरे बसले, आणि झाकण उलटून बघतो तर आत पांढऱ्यावर माझा अख्खा अंगठा उमटलेला. मग रानात जाऊन कच्चा टोमॅटो हातावर चोळला. त्यानं हात लख्ख निघाले, डाग मात्र तसाच राहिला. मला रडू आलं. हळद उद्यावर आलेली, आता दुसरा कागद कुठून आणणार? डाग आतल्या बाजूला होता. झाकण कुणी उघडू नये एवढीच आशा. रिकामा डबा देऊ नये म्हणून आत हळकुंड आणि सुपारी ठेवली.

लग्न लागल्यावर सासरच्या बायका लेकीला घेऊन रुखवत बघायला आल्या. भाड्याची बैलगाडी त्यांनी कुठल्या कुठल्या लग्नांत पाहिली असणार; तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. लेकीच्या सासूबाईंनी नेमका डबा उचलला. "लई नाजूक काम हाय. कुणी केलं?" असं म्हणत त्यांनी झाकण उघडलं. "आगं बया, आतनं डाग पडलाय की."

मी टेबलामागं उभा होतो. जमीन दुभंगली असती तर आत गेलो असतो.

लेकीनं त्यांच्या हातातून झाकण घेतलं आणि डागावर आपला मेंदीचा अंगठा ठेवला. तो कितीतरी लहान पडला.

"माझ्या अप्पांनी केलाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आन त्यो डाग न्हाई, त्यांचा अंगठा हाय."

आक्काचे डोळे भरले, माझेही. लेकीनं झाकण लावलं, पण डबा टेबलावर परत ठेवला नाही. पाठवणीला गाडीत बसली तेव्हाही तो तिच्या हातातच होता.