एकोणीस वर्षांची काकवी

अमेरिकेतल्या टर्कीलिकच्या डोंगरी खोऱ्यात पोराला ताप भरला, कान फुटला, नाहीतर शाळेच्या आधी सुया टोचायच्या असल्या, की माणसं डेल्फा कॉम्ब्सच्या दवाखान्याचा रस्ता धरतात. आणि पोराचं दुखणं कुठलंही असो, पोटाचं असो की गुडघ्याचं, ही बाई आधी अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलते. आत बघते. मग बाकीचं.

खोऱ्यातले म्हातारे त्यावरून तिला सोडत नाहीत.

"डेल्फाबाई, खेचर इकत घ्यायचंय का काय? दात बघून वय काढतीस ते?"

"तुमचं काढू का? उघडा तोंड. खेचर असता तर तुमच्या बायकूनं कवाच बाजार दावला असता तुमाला."

हशा होतो. ओठ खाली येतो, थर्मामीटर वर जातो. पण जो हसतो त्याला ठाऊक नसतं, की ही बाई एकोणीस वर्षं एका माणसाची वाट बघत बसली होती, दगडाखाली साप बसावा तशी.

चोविसाव्या वर्षी डेल्फा याच दवाखान्यात साधी नर्स होती. डॉक्टर हॅस्किन्सच्या हाताखाली. हॅस्किन्स म्हणजे खोऱ्याचा देवच. निम्म्या लोकांना जगात त्यानंच ओढून आणलेलं, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. डेल्फाचं काम वजन करायचं, ताप बघायचा, कागदावर लिहायचं. बाकी सगळं डॉक्टर.

एक दिवस आर्लिस नेपिअर आपलं पाच महिन्यांचं पोरगं घेऊन आला. टोबी नाव. दूध पीत नाही म्हणून. बायको शेजारी उभी, पायताणाकडं बघत. पोराच्या ओठाला सुकलेल्या रक्ताची रेघ होती आणि कानामागं निळं. डेल्फानं ओठ वर केला. आपल्या सगळ्यांच्याच वरच्या ओठाच्या आत, हिरडीला धरून एक बारीक धागा असतो, जिभेनं चाचपला तर लागतो. टोबीचा तुटला होता. जे पोर अजून पालथं पडत नाही, ते आपटून घेईल कशावर? रडणाऱ्या तोंडात कुणी दुधाची बाटली कोंबली तर मात्र तो तुटतो.

तिनं बाहेर जाऊन डॉक्टरला सांगितलं.

"अगं, दात येताहेत त्याला," हॅस्किन्स म्हणाला. "आणि आर्लिसच्या बापाला मी चांगला ओळखतो. बायबल पाठ आहे त्या घरात."

कागदावर त्यानं लिहिलं, दात येत आहेत. त्याच्या वर डेल्फाच्या अक्षरात वजन आणि ताप. डेल्फाला वाटलं, आपण सांगितलं, आपलं काम झालं.

तिथंच चुकलं. कायदा म्हणतो, पोराला मारल्याची खूण ज्याच्या डोळ्यानं बघितली त्यानंच सरकारला फोन करायचा. वरच्याच्या कानावर घातलं म्हणजे सुटला असं नाही. हे लिहिलेला सरकारी कागद दवाखान्याच्या भिंतीवर होता. त्याच्यापुढं कोट अडकवायचा खांब उभा केला होता आणि हिवाळा-उन्हाळा त्यावर डॉक्टरचा कोट लोंबत असायचा.

तीन आठवड्यांनी टोबीला हातभर पेटीत घालून डोंगरावर पुरला. आर्लिस म्हणाला, झोपाळ्यावरून पडला. चौकशीच्या पंचांपुढं त्याच्या वकिलानं दवाखान्याचा कागद वाचून दाखवला. बघा, तीनच आठवड्यांपूर्वी डॉक्टरनं तपासलंय, नर्सनं तपासलंय, दाताशिवाय काही नाही. खटला उभाच राहिला नाही. आर्लिस सुटला तो डेल्फाच्या अक्षरावर पाय देऊन.

चौथ्या दिवशी तो दवाखान्यात आला. हातात काकवीची बरणी, घरच्या गोड ज्वारीच्या धाटांची, घरच्या कढईत आटवलेली.

"पोरींनो, लई साथ दिलीत बघा," म्हणाला आणि बरणी डेल्फाच्याच हातात ठेवली. आणि डेल्फाच्या तोंडून, सवयीनं, 'थँक यू' गेलं. पोरगं गेलं ते एक. पण ते 'थँक यू' तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून राहिलं.

बरणी तिनं घरी नेऊन चुलीवरच्या फळीवर ठेवली.

"टाक की ती घाण," आई म्हणाली.

"टाकली तर इसरंन."

त्यानंतर ती शिकायला लागली. पाच दिवस दवाखाना, शनिवार-रविवार घाट उतरून शहरातल्या कॉलेजात. बर्फात दोनदा गाडी नाल्यात गेली. सात वर्षं. माणसं शिकतात ती वर चढायला, चार पैसे जास्त मिळवायला. ही शिकली ती वैरापायी. शिकून पोरांची नर्स प्रॅक्टिशनर झाली, म्हणजे तपासायचं तिनं, औषध लिहायचं तिनं, आणि खाली सही तिची. खोऱ्यानं तिला नाव पाडलं, 'सहीची नर्स'. हॅस्किन्स म्हातारा होऊन घरी बसला तेव्हा दवाखाना तिच्याकडं आला. पहिल्या दिवशी तिनं कोटाचा खांब उचलून मागच्या अंगणात फेकला. डॉक्टरची तसबीर मात्र लोक काढू देईनात. मग ती तिनं संडासाच्या दारासमोर लावली. मान राखला, जागा बदलली.

शाळेतल्या मास्तरणींना, बसच्या ड्रायव्हरांना, चर्चमध्ये पोरं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांना ती एकच गोष्ट शिकवायची. "चालत न्हाई त्या पोराच्या अंगावर निळं दिसलं की मला इचारू नका. फोन करा. मग मला सांगा." काहीजण तिच्यावर चिडले. दोन घरांनी दवाखाना सोडला. एकानं तिच्या गाडीची काच फोडली. तिनं दुसरी बसवली.

आर्लिस ओहायोत कामाला गेल्याचं तिच्या कानावर होतं. मग तो परत आल्याचं आलं. मग त्यानं एक तरणी बायको केल्याचं. डेल्फानं फळीवरच्या बरणीची धूळ पुसली.

तो आला ऑक्टोबरात, सकाळी दहाला. केस पिकलेले, पोट सुटलेलं. बायको केलिन, एकवीस वर्षांची, आणि तिच्या कडेवर चार महिन्यांची पोर, एम्बर.

"दूध पीत न्हाई," आर्लिस म्हणाला. तेच शब्द, तोच सूर.

डेल्फानं पोरीचा ओठ उचलला.

"खेचर घ्यायचंय का बाई?" आर्लिस हसला.

धागा तुटला होता. डाव्या कानावर दोन निळे ठिपके, चिमटीत धरल्यासारखे.

डेल्फाच्या मनगटापासून कोपरापर्यंत आग गेली. एका क्षणात तिला दिसलं की कागद कसा लिहायचा, कुठला शब्द घातला की हा माणूस जन्मात उठणार नाही. आणि त्याच क्षणी तिला कळलं, की असाच कागद त्याचा वकील फाडून हातात देईल. राग शब्दात उतरला की त्याला वास येतो.

ती बाहेर आली आणि तिनं नव्या नर्सला, व्हॅनेटाला हाक मारली.

"आत जा. पोरगी बघ. मला काही सांगू नको. वेगळ्या कागदावर ल्ही, येळ घाल, सही कर."

"काय बघू पण?"

"ते मी सांगितलं तर तू माज्या डोळ्यानं बघशील. तुज्या डोळ्यानं बघ."

मग तिनं कागदी पट्टी लावून ठिपके मोजले, फोटो काढले. आर्लिस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दात लिहिलं. 'पाळण्याची दांडी लागली आसंल.' एकही विशेषण नाही. केलिनला 'दुधाचा फॉर्म भरायचाय' म्हणून वेगळ्या खोलीत घेतलं.

"कूस बदलती का पोरगी?"

"न्हाई अजून." केलिन बोटाची साल काढत होती. "त्यो थकतो ओ कामावरनं. रडणं सोसत न्हाई त्याला."

"आणि तुला?"

केलिननं मान खाली घातली. डेल्फानं तेही लिहिलं. मान खाली घातली, एवढंच.

औषधांच्या खोलीत जाऊन तिनं फोन लावला. आधी पोरांच्या छळाची खबर घेणारा सरकारी नंबर, मग शेरीफची म्हणजे पोलिसांची कचेरी, मग शहरातला मोठा दवाखाना. नाव विचारलं तेव्हा एकेक अक्षर सांगितलं. आता राहिलं होतं ते सगळ्यात अवघड, गाडी येईपर्यंत त्या माणसाला गोड बोलून बसवायचं.

"पोरीच्या अंगात पाणी कमी पडलंय," ती म्हणाली. खोटं नव्हतं. "शहरात न्यायला लागंल. गाडी बोलावलीया. कॉफी घेता?"

"दोन साखरा," आर्लिस म्हणाला. पाय पसरून बसला. कॉफीचा घोट घेताना त्यानं तिच्याकडं निरखून बघितलं. "अगं, तू तीच न्हवं? हॅस्किन्सकडली? काकवी दिलती की मी तुमाला! कशी हुती?"

"अजून फोडली न्हाई."

"एवढी वर्सं? का?"

"चांगल्या दिवसासाठी ठेवलीया," डेल्फा म्हणाली, आणि त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

शेरीफची गाडी रुग्णवाहिकेच्या मागोमागच आली.

शहरात एम्बरचे एक्स-रे काढले तर दोन बरगड्या मोडून परत सांधलेल्या दिसल्या. रक्त नीट गोठत होतं, हाडं जन्माची कच्ची नव्हती, आजार कुठलाच नव्हता. मारलं होतं.

खटला पुढच्या वसंतात उभा राहिला. अख्खं खोरं कोर्टात लोटलं. शेवटच्या बाकावर चौऱ्याऐंशी वर्षांचा हॅस्किन्स काठी टेकून बसला होता. आर्लिसचा वकील शहरातला, गुळगुळीत दाढीचा, सगळं हुडकून आलेला.

"बाई, तुमच्या घरी एक काकवीची बरणी आहे. माझ्या अशिलानं दिलेली. एकोणीस वर्षं तुम्ही ती जपून ठेवली. खरं?"

"खरं."

"तुम्ही या माणसाचा द्वेष करता?"

"करती."

वकिलाला वाटलं, जिंकलो. तो निकाल देणाऱ्या पंचांकडं वळला.

"म्हणजे हा कागद द्वेषानं लिहिलाय."

"न्हाई साहेब. द्वेष हुता म्हणूनच माज्या डोळ्यावर मी इश्वास ठेवला न्हाई," डेल्फा म्हणाली. "दुसरीला बघायला लावलं. तिला काय बघायचं ते सांगितलं न्हाई. पट्टीनं मोजलं. रक्त दोनदा तपासा म्हणून लिहून धाडलं. आजार निघाला असता तर ह्यो सुटला असता, आणि तरीबी मी तपासायला लावलं. ह्यो एक दिवस तुमच्यासारखा वकील लावणार, हे मला एकोणीस वर्सं ठावं हुतं. त्यो कागद मी तुमच्यासाठीच ल्हिलाय. बघा कुठं फाटतोय का."

मागं कुणीतरी फसकन हसलं. जज्जानं हातोडा आपटला. वकील तापला.

"मग टोबीचा ओठ बघितला तेव्हा फोन का नाही केला? कायदा तेव्हाही होता."

हा घाव येणार हे तिला माहीत होतं. सहीचा परवानाही जाऊ शकतो, हेही तिला सरकारी वकिलानं आधी बजावलं होतं.

"न्हाई केला," ती म्हणाली. "धागा तुटलेला मी बघितला. डॉक्टर हॅस्किन्सला सांगितला. त्यांनी दात येत्यात म्हणून ल्हिलं, आणि मी गप बसले. त्या गप बसण्यात पोरगं गेलं. माजी सही काढून घ्यायची तर घ्या. पण आधी हे ल्हून घ्या."

हॅस्किन्स उठला. काठीचा टकटक आवाज दारापर्यंत गेला. कुणी त्याला हात दिला नाही. डेल्फानं मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघून घेतलं. घाई केली नाही.

आर्लिसला वीस वर्षांची शिक्षा लागली. बेड्या घालून नेताना तो तिच्यासमोर थांबला.

"झालं का समाधान, चेटकिणी?"

"न्हाई. टोबीची वर्सं बाकी हायती," डेल्फा म्हणाली. "पण चालंल."

नर्सांना सहीचा परवाना देणाऱ्या मंडळानं चौकशी केली, ताशेरा ओढला, सही ठेवली. ताशेऱ्याचा कागद तिनं दवाखान्यातच लावला, त्या सरकारी कागदाशेजारी, कुणालाही वाचता येईल असा. केलिन पोरीला घेऊन आईकडं राहते. आठवड्याला वजन करायला येते. आता मान वर करून बोलते, कधी भांडतेसुद्धा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी डेल्फानं बरणी फळीवरून काढली. झाकण गंजून बसलेलं. गरम पाण्यात धरलं, नाही निघालं. शेवटी दगडानं मान फोडली. आत काळी, खडे धरलेली काकवी. काचा वेचून तिनं ती शेजारच्या डुकरांच्या कुंडात ओतली. डुकरं एकमेकांच्या अंगावर चढून तुटून पडली.

शेजारीण कुंपणावर हात टेकून उभी होती. "झाला का गं राग शांत?"

"राग कशाला शांत व्हईल?" डेल्फानं हात पँटला पुसले. "सोमवारी बारा पोरं हायत तपासायला. लागतो की."