दोघांच्या सहीचा प्लॉट

पेनाचं टोपण काढून ठेवायचं, समोरच्याचा अर्ज वाचून मान डोलवायची, आणि सही घ्यायच्या क्षणी त्याच्या खांद्यावरून जिन्याकडं बघत विचारायचं, "बाई कुठं आहेत?" बाई नसल्या की टोपण परत पेनावर. आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी मला असं चार वेळा परत पाठवलं. तुमच्याही ओळखीत असा एखादा नियमाचा माणूस असेल. असल्यास माझी सहानुभूती आहे.

सोसायटी आम्हा पगारदारांची होती. छापखान्यातले कामगार, बस कंडक्टर, शाळामास्तर, माझ्यासारखे कारकून. हैदराबादच्या वेशीवर, नागोलच्या पलीकडचं माळरान स्वस्तात मिळालं होतं, आणि हप्त्यानं का होईना, आयुष्यात स्वतःचं दार होण्याची आमची तेवढी एकच संधी होती. सेक्रेटरी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, जुन्या हैदराबादी घराण्यातले. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून ते आमच्यासाठी फुकट राबायचे. हे मान्य करूनही सांगतो, माणूस डोक्याला ताप होता. प्लॉट नवरा-बायको दोघांच्या नावे, आणि कुठलाही कागद असो, दोघांनी समोर हजर राहायचं, हा नियम त्यांनी पहिल्याच सभेत आमच्या गळी उतरवला होता. तेव्हा आम्ही टाळ्याही वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातं?

एका कंडक्टरची बायको बाळंतपणाला नांदेडला गेली होती, तर यांनी प्लॉटच्या चिठ्ठ्या काढणंच महिनाभर पुढं ढकललं. एका अविवाहित पोस्टमनला वरंगलहून आईला आणायला लावलं. "लग्न नाही झालं, हौ. पण घरात चूल कोण पेटवतं?" म्हातारी आली, आणि साहेब तिच्याशी तासभर तेलुगूत बोलत बसले. आम्ही जिन्यावर रांगेत.

कारण प्रकरण नुसत्या सहीवर भागत नसे. टेबलावर नकाशा पसरून ते बायकांना विचारायचे, पाणी कुठून येईल, शाळा किती लांब पडेल, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला हवं. आम्हा पुरुषांना एवढंच विचारायचे, की पेन आणलंय का. माझी बायको जामबागच्या एका शाळेत शिकवायची. रजा वाया गेली म्हणून आधी तीही वैतागली होती. पण नकाशावर बोट ठेवून ती म्हणाली, "ही ओळ उताराला आहे. इथं आधी नाली काढा, नाहीतर पावसाचं पाणी घरात शिरेल." साहेबांनी ते लिहून घेतलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिला उतार कळतो हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं हवा बदलली. शहरात नव्या कंपन्या यायच्या बातम्या सुरू झाल्या, आणि ज्या माळावर आम्ही शेळ्या हाकलून हद्दीचे दगड रोवले होते, तिथं दलाल मोटारी घेऊन हिंडू लागले. ऑफिसात जो तो शेअर बाजारावर बोलत होता. माझंही डोकं फिरलं. प्लॉट विकायचं ठरवलं. घरी बोललो नाही. दलालाला शब्द दिला आणि ना-हरकत दाखला मागायला सुलतान बाजारात गेलो.

"बाई कुठं आहेत?"

"तिची तब्येत बरी नाही."

"अरेरे. मग परेशान होऊ नका, मीच येतो."

मला वाटलं, बोलायची पद्धत असते. तर रविवारी भर दुपारी नल्लकुंट्याच्या आमच्या भाड्याच्या खोलीवर, सत्तरी उलटलेला हा माणूस दोन बस बदलून हजर! हातात आजाऱ्यासाठी मोसंबी. दार बायकोनंच उघडलं, चांगली धडधाकट. पिशवी तिच्या हातात देत ते म्हणाले, "ताई, प्लॉट विकायला तुमची मंजुरी आहे का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नाही."

मी भडकलो. दारी आलेला पाहुणा म्हणून पाहिलं नाही, वय पाहिलं नाही. "साहेब, हा आमच्या घरातला मामला आहे!"

"हौ, घरातलाच आहे. म्हणून तर घरात आलो," ते म्हणाले, पाणी प्यायले आणि गेले.

दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. बायको माझ्याशी दोन महिने बोलली नाही, ते वेगळंच. त्या दोन वर्षांत आमच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. नंतर भाव असे चढले, की माझ्या पगारात तिथं न्हाणीघराएवढीही जागा आली नसती. माझं घर माझ्या अकलेनं झालेलं नाही, हे मी चारचौघांत कबूल करतो. पण आभार मानायला काही गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो, आणि एक दिवस ते गेल्याची बातमी आली.

भेटायला गेलो तो जामबागच्या एका गल्लीत, दीड खोलीच्या बिऱ्हाडात. तेही भाड्याचं. मला वाटलं पत्ता चुकला. आम्हा सगळ्यांना घरं देणारा माणूस, आणि हे? त्यांच्या पत्नीला मी जवळजवळ रागानंच विचारलं, "काकू, साहेबांनी स्वतःला प्लॉट घेतला नाही?"

"मी सही दिली नाही," त्या म्हणाल्या. "बरकतपुऱ्यात सासऱ्यांचं घर होतं आमचं. मला न विचारता विकलं यांनी. मी पान वाढत होते, तेव्हा सांगितलं, परवा घर सोडायचंय. मग पुढं ही सोसायटी काढली, तर पहिला फॉर्म माझ्यापुढं घेऊन आले. मी म्हटलं, नक्को. तेव्हापासून दर दिवाळीला विचारायचे, यंदा देतेस का सही?"

मला दोघांचाही संताप आला. घरच्या घरात एकदा नियम मोडला असता तर आकाश कोसळणार होतं का? "इतक्या वर्षांत एकदाही हो म्हणावंसं वाटलं नाही, काकू?"

"वाटलं की. दर वेळी वाटलं." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "पण हो म्हटलं असतं, तर विचारणं थांबलं असतं ना."