काकूंचा डबा आणि माझे आभार

मंडळी, दुपारपासून माझा एक गोंधळ झालाय, जरा मदत करा.

नांदे गावात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहते, त्या काकू आज जेवण घेऊन आल्या. दोन दिवस मी तापानं पडून आहे, हे त्यांना कळलं होतं. डब्यात गरम भाकरी आणि मेथीची भाजी. मी नीट जेवतेय का बघायला त्या समोरच बसल्या.

मी सवयीनं हात जोडले, डोळे मिटले. "बापा, या अन्नाबद्दल तुझे आभार मानते."

डोळे उघडले तर काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"आन भाकरी कुनी थापली?"

मला ओशाळल्यासारखं झालं. घाईघाईत म्हटलं, "काकू, तुमचेही खूप आभार."

तर त्या जास्तच चिडल्या. "मला कशाला आभार? मी काय परकी हाय का? गप जेव."

गप जेवले. पण तेव्हापासून चैन नाही.

प्रत्येक गोष्टीत देवाचे आभार माना, हे लहानपणापासून चर्चमध्ये शिकले. मी मानतेही, दिवसातून तीनदा तरी. त्याला बापच म्हणते. पण माझ्या सख्ख्या वडिलांचे मी कधी आभार मानलेले नाहीत. मानले असते तर तेही काकूंसारखेच चिडले असते. मग देवाला मी आपला मानते की परका?

डबा घासून ठेवलाय. रिकामा द्यायचा नसतो, म्हणून उद्या त्यात साखर घालून देईन. काकूंचा प्रश्न सुटला.

देवाचा डबा तुम्ही कसा परत करता?