दगडफुलाची ओवी

महाराजांनी पैलवान आणि गवई दोघांनाही आसरा दिला होता. त्यामुळे कोल्हापुरात ज्याला त्याला आपण दोघांपैकी एक आहोत असं वाटायचं. माझी छाती बघून तालमीतल्या वस्तादांनी मला दारातूनच परत धाडलं. मग उरलं गाणं.

गाण्याची शिदोरी म्हणजे आईच्या ओव्या. आमच्या घरात चटणीचं प्रमाण कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ते ओव्यांत होतं. उखळात मुसळ पडायचं आणि आई म्हणायची,

शेरभर मिरचीला, पाच मुठी धनं
दगडफूल घाल बाई, वासाहून उणं

पेठेत कुणाकडे जावळ असलं, की घरची थोरली बाई नारळ घेऊन आईला चटणी कुटायला बोलवायला यायची. आई त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसायची. तिचा सगळा मान तेवढाच. म्हणून या ओव्या उंबऱ्याबाहेर न्यायच्या नाहीत, हा घरचा नेम.

आमच्या भजनात पखवाज वाजवणारा माझा जिवलग दोस्त पेशानं आचारी. मला ‘बुवा’ म्हणणारा सबंध गावात तो एकटाच. एका संध्याकाळी म्हणाला, “बुवा, तुमच्या गळ्यात आईची माया हाय. घरातलं कायतरी म्हणा की.”

मी म्हटलं. सगळंच म्हटलं.

“ती दगडफुलाची परत घ्या, बुवा.”

मी तीनदा घेतली. डोळे मिटून, तानांसकट. त्याची बोटं पखवाजावर चालली होती. मला वाटलं ताल धरलाय. तो मुठी मोजत होता.

पुढं शेजारच्या गल्लीत जावळ निघालं. आई दोन दिवस ठेवणीतलं लुगडं पेटीतून काढून वाट बघत बसली. नारळ आलाच नाही, नुसतं जेवणाचं आवतण आलं. आम्ही गेलो. पहिल्या घासालाच मला घाम फुटला, आणि तो काही तिखटानं नव्हे. रस्सा आमच्या घरचा होता. समोर बायकांच्या पंगतीत आईनं वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात दोस्त रश्श्याची बादली घेऊन माझ्यापुढं आला. मला वाटलं, आता तरी मान खाली घालील.

“वाढू का, पावणं?”

बुवाचा पावणा झाला होता.

घरी आलो तशी आई दारात म्हणाली, “तुझ्या गळ्याला कोण चांगलं म्हणंल, हे तुला खरं वाटलंच कसं, लेका?”



नंतरच्या उन्हाळ्यात आई घरची चटणी कुटायला बसली. मुसळ पडत होतं, तोंड मात्र बंद. मला राहवेना. “आई, ओवी म्हण की.”

“तू घरात हाईस न्हवं,” ती म्हणाली.

मी पायताण घातलं आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथवर नुसत्या मुसळाचाच आवाज येत होता.