सीताराम बोट आणि हौसाआजी

हे मी लिहावं की नाही, मला कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नाही, आणि हौसाआजीला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारे वाडीत पुष्कळ आहेत. पण ते लिहिणार नाहीत. माझं चुकलं तर माफ करा.

आजी रोज सकाळी धरणाच्या काठावर उभी राहायची आणि बोट निघाली की तिला दगड मारायची. बोट लहानच, डिझेलची. मागचा लोखंडी तराफा दोराने ओढते. तराफ्यावर आम्ही, मोटारसायकली, भाताची पोती, शेळ्या. बोटीवर पांढऱ्या रंगात लिहिलंय, ‘सीताराम’. सीतारामबाबा म्हणजे आजीचे यजमान. वाडीला पूल हवा म्हणून अकोले तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा होता. त्याला निघालेले बाबा जुनी होडी उलटून बुडाले. पुढे पूल झालाच नाही, ही बोट आली. उद्घाटनाच्या दिवशी आजीने बोटीचा हार तोडून पाण्यात फेकला.

“पूल मागाया निघाला हुता त्यो. तुमी त्याला तराफा वढाया जुंपला,” ती सरपंचांना म्हणाली.

त्या बोटीत ती कधीच बसली नाही. राजूरच्या बाजाराला डोंगराला वळसा घालून पायी जायची.

बोटवाला नामदेव ओरडायचा, “आजी, नेम चुकतोय. चष्मा लाव.”

“तुझं डोस्कं मधी येतंय म्हून चुकवते, मुडद्या.”

मग माझ्याकडे वळायची. “चाल्लास का सायेब, माझ्या धन्याच्या पाठीवर बसून? तुमी बसता म्हून पूल व्हत न्हाई.”

“आजी, माझा पेपर बुडंल.”

“मानूस बुडाला तवा कुनाचं काय अडलं?”

मी मान खाली घालून तराफ्यावर चढायचो.

यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला ताप भरला. बोटीने नेऊ म्हटल्यावर तिने दाराची चौकट धरली, सोडेना. शेवटी आम्ही चौघांनी झोळी करून तिला डोंगरावरून दवाखान्यात नेलं. वाटेत मी खांदा बदलला.

“दुखतंय?” झोळीतून आवाज आला. “दुखू दे. पुलावरनं न्हेलं असतं तर दुखलं नसतं.”

आता मी शिकायला नगरला असतो. परवा सरपंचांचा फोन आला. आजी दवाखान्यातच वारली. वाट निसरडी होती, म्हणून तिला तराफ्यावरूनच वाडीत आणलं.

मी पुलाचं विचारलं.

“पुलाचं न्हाई अजून. पन दुसरी बोट मंजूर झाली. तिला हौसाबाईचं नाव देतोय. तू शिकलेला हायस, तिच्यावर चार ओळी लिहून आन.”